एसएसडी निवडताना खोक्यावरच्या वेगाला किती महत्त्व द्यावे?

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. २०२० मध्ये जुळवून घेतलेल्या माझ्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोज १० ही २४० जीबीच्या साटा एसएसडीवर (केबलने जोडायच्या, फिरते भाग नसलेल्या चिपांच्या ड्राइव्हवर) आहे आणि सगळे गेम १ टीबीच्या हार्ड डिस्कवर आहेत. नवे गेम लोड व्हायला फार वेळ घेतात आणि मोकळ्या नकाशाच्या गेममध्ये गाडी जोरात हाकली की चित्र अडखळते. दुकानदार म्हणतो की आता घ्यायचीच तर जेन ५ (जोडणीच्या पाचव्या पिढीची) घ्या, सेकंदाला बारा-चौदा हजार एमबीचा वेग मिळेल. मित्र म्हणतो की गेमसाठी साटासुद्धा पुष्कळ झाली. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? एसएसडीने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढेल का? ५०० जीबी पुरेल का? आणि नवा ड्राइव्ह घेतल्यावर जुन्या २४० जीबीच्या एसएसडीचे काय करावे?

उत्तर : कारणांच्या आधी निकाल सांगतो, म्हणजे घाई असेल तर पुढचे सावकाश वाचता येईल. तुमच्या मदरबोर्डासाठी १ टीबी क्षमतेचा, टीएलसी प्रकारच्या चिपांचा (त्यांविषयी पुढे सांगतो), एम.२ आकाराचा, म्हणजे मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या चपट्या पट्टीचा, एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान पीसीआय एक्स्प्रेस जोडणीचा) ड्राइव्ह घ्यावा. तो जेन ३ चा असला काय किंवा जेन ४ चा असला काय, तुमच्या कॉम्प्युटरवर दोन्ही सारखेच चालतील. म्हणून दोहोंपैकी जो स्वस्त मिळेल आणि ज्याची वॉरंटी पाच वर्षांची असेल, तो निवडावा. जेन ५ चा विचार सोडून द्यावा. मित्राचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण साटा आणि साधी एनव्हीएमई यांच्या किमतींत आता फारसे अंतर उरलेले नसताना तुमच्याकडे एम.२ चा स्लॉट रिकामा ठेवून साटा घेण्यात काही हशील नाही.

आता दुकानदाराच्या आकड्याकडे वळू. एसएसडीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत जो वेग छापलेला असतो, तो एक मोठी फाइल सलग वाचतानाचा कमाल वेग असतो. साटा जोडणीची मर्यादाच सेकंदाला ६ गिगाबिट असल्यामुळे तिथे हा आकडा ५५० ते ५६० एमबीच्या पुढे सरकत नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवर, म्हणजे बाजारात ज्याला जेन ३ म्हणतात त्यावर, तो साडेतीन हजारांच्या आसपास जातो, जेन ४ वर सात हजारांच्या थोडा वर आणि जेन ५ वर दहा ते चौदा हजारांच्या घरात. हे आकडे खोटे नसतात. परंतु गेम सुरू होताना कॉम्प्युटर एखादी फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत बसत नाही. भिंतीचा पोत इथून, आवाजाचा तुकडा तिथून, पात्राचा सांगाडा आणखी तिसरीकडून, अशी हजारो लहान-मोठी वाचने त्याला करावी लागतात, आणि पुष्कळदा एक वाचन पुरे झाल्याशिवाय पुढचे कोणते करायचे हेच त्याला ठाऊक नसते.

या विखुरलेल्या वाचनात हार्ड डिस्कची जी दैना होते, ती साध्या हिशेबाने समजते. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा वाचकाग्राखाली (तबकडी वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक, आणि त्याआधी वाचकाग्र योग्य वर्तुळावर नेऊन ठेवण्यासाठी आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण साडेबारा धरले, तर सेकंदाला सुमारे ऐंशी जागा वाचून होतात. प्रत्येक जागी ४ केबीचाच तुकडा असेल, तर सेकंदाकाठी पदरात पडते ती एक तृतीयांश एमबीहूनही कमी माहिती. तीच डिस्क सलग वाचनात दीडशे-दोनशे एमबी सहज देते. गेममधले तुकडे बहुधा ४ केबीपेक्षा मोठे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला कारभार इतकाही वाईट नसतो, पण हा हिशेब टोकाची बाजू दाखवतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हेच एकेक तुकड्याचे वाचन साटा ड्राइव्हवर सेकंदाला साधारण ३० ते ४० एमबी आणि चांगल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर ६० ते ९० एमबी या वेगाने होते.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. हार्ड डिस्ककडून साध्यातल्या साध्या साटा एसएसडीकडे जाताना सुमारे शंभर पटींचा फरक पडतो. साटाकडून उत्तमातल्या उत्तम एनव्हीएमईकडे जाताना जेमतेम दुपटी-अडीचपटीचा. खोक्यावर मात्र ५५० विरुद्ध १४००० असे छापलेले असते, आणि खरेदीदार पंचवीस पटींचे स्वप्न पाहत पैसे मोजतो. तुमच्याकडे विंडोज एसएसडीवर असूनही गेम रखडतात, याचे कारण एवढेच की ते अजून हार्ड डिस्कवर आहेत. ते कोणत्याही बऱ्या एसएसडीवर आले की तुमची मुख्य तक्रार मिटेल, आणि त्यापुढचा प्रत्येक हजाराचा वेग तुम्हाला गेममध्ये एक-दोन सेकंदांच्या पलीकडे काही देणार नाही.

ही मर्यादा का पडते, तेही सांगायला हवे, कारण दुकानदाराचा पुढचा प्रश्न तोच असेल. ड्राइव्हवरून आलेली माहिती दाबून लहान केलेली असते. ती प्रोसेसरने उलगडावी लागते, तिच्यातून गेमचे जग रचावे लागते, शेडर (चित्राचे रंग आणि उजेड ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार करावे लागतात, आणि मग ते सारे ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत भरावे लागते. महामार्ग सहापदरी झाला म्हणून घरासमोरच्या बोळात गाडी जोरात शिरत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. याचे उत्तम उदाहरण जीटीए ऑनलाइन या गेमने २०२१ मध्ये दाखवून दिले. तो गेम सुरू व्हायला अनेकांना पाच-सहा मिनिटे लागत आणि लोक त्यासाठी महागड्या एसएसडी घेत होते. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःहून खणून काढले की सुमारे १० एमबीची, ६३ हजार नोंदींची एक यादी वाचताना गेम प्रोसेसरचा एकच कोअर अडवून ठेवतो, आणि प्रत्येक नोंद आधीच्या सर्व नोंदींशी पुन्हा पुन्हा ताडून पाहतो. त्याने केलेल्या दुरुस्तीने त्याच्या कॉम्प्युटरवर सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला. रॉकस्टार कंपनीने त्याला १० हजार डॉलरचे बक्षीस दिले आणि मार्च २०२१ मध्ये तशी दुरुस्ती गेममध्ये केली. इतकी वर्षे ज्याचा दोष ड्राइव्हला दिला जात होता, तो दोष ड्राइव्हचा नव्हताच.

याला उतारा म्हणून मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज नावाची सोय केली आहे, आणि जेन ५ विकणारे तिचे नाव हमखास घेतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आणि माहिती उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा होती. तोच लाभ विंडोजच्या कॉम्प्युटरला मिळावा म्हणून डायरेक्टस्टोरेज मार्च २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या हाती देण्यात आली. तिचा वापर करणारा कॉम्प्युटरवरचा पहिला गेम, फोरस्पोकन, जानेवारी २०२३ मध्ये आला. त्यानंतरही तिचा आधार घेणारे गेम अगदी थोडेच निघाले, आणि जे निघाले तेही जेन ३ च्या ड्राइव्हवर व्यवस्थित चालतात. ज्या दिवशी जेन ५ चा वेग गेमला खरोखर लागेल, त्या दिवशी तुमचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही केव्हाच बदललेले असतील.

एफपीएसचे उत्तर थोडक्यात आहे : वाढणार नाही. सेकंदाला किती चित्रे दिसतील हे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात, ड्राइव्ह नव्हे. तुम्ही वर्णन केलेले अडखळणे मात्र वेगळे आहे. मोकळ्या नकाशात वेगाने जाताना गेमला पुढचा प्रदेश आयत्या वेळी ड्राइव्हवरून आणावा लागतो, आणि हार्ड डिस्कला ते जमले नाही की चित्र थबकते. एसएसडीने हे बहुतांशी थांबेल. तरीही पैसे खर्च करण्याआधी खात्री करून घ्या. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सच्या पानावर हार्ड डिस्कचा आलेख उघडा ठेवा आणि गेम खेळा. चित्र अडखळते त्याच क्षणी तो आलेख १०० टक्क्यांना भिडत असेल, तर दोषी हार्ड डिस्कच. तो शांत असेल आणि तरीही अडखळत असेल, तर तुमच्या कार्डाची ६ जीबी मेमरी अपुरी पडते आहे किंवा गेम आयत्या वेळी शेडर तयार करतो आहे, आणि त्यावर कोणतीही एसएसडी इलाज करू शकत नाही. तेव्हा टेक्श्चरची, म्हणजे पृष्ठभागांच्या पोताची, प्रत एक पायरी खाली आणून पाहावी.

काही नव्या गेमांना तर एसएसडी ही आता अटच झाली आहे. बाल्डर्स गेट ३ साठी १५० जीबी, स्टारफिल्डसाठी १२५ जीबी आणि सायबरपंक २०७७ च्या सुधारित आवृत्तीसाठी ७० जीबी जागा एसएसडीवरच हवी, असे त्यांच्या किमान गरजांच्या यादीत लिहिलेले आहे.

आता तुमच्या मदरबोर्डाकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. बी ४५० या चिपसेटच्या बोर्डांवर मुख्य एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि त्याला जेन ३ च्या चार मार्गिका मिळतात. त्यात जेन ४ किंवा जेन ५ चा ड्राइव्ह बसतो आणि बिनतक्रार चालतोही, पण जेन ३ च्याच वेगाने. पुढे कधी तुम्ही बायॉस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर याच बोर्डावर बसवलात, आणि तो बसतो व अजूनही पैसे वसूल करणारा बदल आहे, तरी स्लॉट जेन ३ चाच राहील. जेन ४ साठी बी ५५० किंवा त्यापुढचा बोर्ड लागतो. दुकानदाराने तुम्हाला बोर्ड कोणता हे विचारल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. तो प्रश्न न विचारता जो ड्राइव्ह सुचवतो, त्याच्याकडून खरेदी करताना दुप्पट सावध राहावे.

तुमच्या बोर्डाचे नेमके नाव आधी काढा. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एमएसइन्फो३२ हे इंग्रजी अक्षरांत टाइप केले की उघडणाऱ्या पानावर बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत ते मिळते. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रामही ते दाखवतो. मग निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्या बोर्डाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि तिच्यातले एम.२ बद्दलचे पान पूर्ण वाचा. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, स्लॉट एक आहे की दोन. दोन असतील, तर दुसरा बहुधा चिपसेटमधून जातो आणि अधिक हळू असतो, म्हणून नवा ड्राइव्ह प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्येच बसवावा. दुसरी, कोणत्या लांबीचा ड्राइव्ह बसतो. २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, हे माप जवळपास सगळीकडे चालते. तिसरी, आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची, एम.२ स्लॉट वापरात आला की साटाची एखाद-दुसरी जोडणी बंद पडते का. बऱ्याच बोर्डांवर असे होते. तुमच्याकडे साटावर आधीच दोन ड्राइव्ह आहेत; नवा बसवल्यावर हार्ड डिस्क अचानक नाहीशी झाली तर घाबरू नका, तिची केबल दुसऱ्या क्रमांकाच्या जोडणीत लावा.

एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे, हेही ध्यानात असू द्या. त्याच आकारात साटाचे ड्राइव्हही मिळतात, दिसतात एनव्हीएमईसारखेच, आणि वेग मात्र साटाचाच देतात. पत्रकावर एनव्हीएमई आणि पीसीआयई हे शब्द असल्याखेरीज घेऊ नका.

आता वेगापेक्षा ज्याकडे अधिक लक्ष द्यावे, त्या चिपांविषयी. टीएलसी प्रकारात प्रत्येक कप्प्यात तीन बिट साठवतात, क्यूएलसी प्रकारात चार. एका कप्प्यात जितकी दाटी जास्त, तितका ड्राइव्ह स्वस्त, पण लिहिणे हळू आणि आयुष्य कमी. हे उणेपण झाकण्यासाठी निर्माते ड्राइव्हच्या मोकळ्या भागाचा काही अंश तात्पुरता एका बिटाच्या पद्धतीने वापरतात. त्यामुळे सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने लिहिले जातात आणि खोक्यावरचा वेग खरा वाटतो. तो भाग भरला की खरे रूप दिसते : क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग शंभर एमबीच्या आसपास, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितका हा झपाट्याचा भाग लहान, म्हणून नवा असताना सुरेख वाटलेला ड्राइव्ह सहा-आठ महिन्यांनी तुंबल्यासारखा वागतो. गेम एकदा उतरवला की त्यानंतर त्याचे वाचनच होते, त्यामुळे केवळ गेम ठेवण्यासाठी दुसरा ड्राइव्ह म्हणून क्यूएलसी घेण्यात मला काही गैर वाटत नाही. तुमचा नवा ड्राइव्ह मात्र विंडोजसकट सगळे सांभाळणार आहे. तिथे टीएलसीच हवी.

आयुष्याची भीती अनेकजण नको इतकी बाळगतात. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हची लिहिण्याची हमी बहुधा ६०० टीबी इतकी असते. रोज ५० जीबी लिहिले, आणि तुम्ही एवढे लिहिणार नाही, तर वर्षाला सव्वाअठरा टीबी होतात. म्हणजे हमी संपायला बत्तीस वर्षे. क्यूएलसीच्या क्रुशल पी ३ प्लसला याच क्षमतेत २२० टीबीची हमी आहे, तीही बारा वर्षांची झाली. ड्राइव्ह लिहून लिहून मरण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. एसएसडी बिघडते ती बहुधा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) किंवा फर्मवेअरच्या (तिच्यातल्या प्रोग्रामच्या) दोषाने, आणि हार्ड डिस्क मरण्याआधी जशी कटकट आवाज करते तशी सूचना न देता एकदम बंद पडते; म्हणून महाविद्यालयाचे प्रकल्प आणि घरचे फोटो यांची प्रत दुसरीकडे हवीच. जुनी हार्ड डिस्क या कामाला ठेवा.

डीरॅम असलेला ड्राइव्ह घ्यावा की नसलेला, यावर हल्ली फार वाद घातला जातो. ड्राइव्हवर कोणती माहिती कुठे आहे याचा नकाशा ठेवण्यासाठी महाग ड्राइव्हमध्ये स्वतंत्र मेमरी असते. स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्ह त्याऐवजी कॉम्प्युटरच्या रॅममधला छोटासा भाग, बहुधा ६४ एमबीच्या आसपास, उसना घेतात. गेमच्या वाचनात या दोहोंत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. साटाच्या ड्राइव्हना ही उसनवारी करता येत नाही, आणि तुमची २४० जीबीची जुनी एसएसडी डीरॅम नसलेल्यांपैकी असेल, तर विंडोज अद्ययावत होताना ती का रखडते याचे एक कारण हेच असू शकते.

५०० जीबी पुरणार नाही. कंपन्या १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे ५०० चे ४६५ आणि १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात. ४६५ मधून विंडोज आणि रोजचे प्रोग्राम यांना शंभर जीबी द्या, ड्राइव्ह तुंबू नये म्हणून दहा ते पंधरा टक्के जागा मोकळी सोडा, तर हातात सुमारे तीनशे जीबी उरतात. वर सांगितलेल्या तीन गेमांचीच बेरीज ३४५ होते. शिवाय एकाच मालिकेत मोठ्या क्षमतेचा ड्राइव्ह लिहिण्यात वेगवान असतो आणि दर जीबीमागे स्वस्तही पडतो. २ टीबी घेणे छान, पण तेवढे पैसे असतील तर ते मी तुमच्या जागी प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवीन.

नावेच हवी असतील, तर टीएलसीमध्ये सॅमसंग ९७० इव्हो प्लस, वेस्टर्न डिजिटल ब्लॅक एसएन ७७० आणि किंग्स्टन केसी ३००० ही जाणकारांच्या पसंतीला उतरलेली नावे आहेत. पहिला जेन ३ चा, उरलेले दोन जेन ४ चे. एसएन ७७० मध्ये डीरॅम नाही आणि तरीही तो गेमसाठी अगदी पुरेसा आहे. यांपैकी जो उपलब्ध असेल आणि स्वस्त असेल तो घ्या. जेन ४ चा घेतल्याचा एक फायदा असा की पुढचा कॉम्प्युटर जुळवताना तो काढून तिकडे नेता येतो आणि तिथे पूर्ण वेगाने चालतो. क्रुशलचे ड्राइव्ह कदाचित दुकानात स्वस्त दिसतील. त्यांची मूळ कंपनी मायक्रॉन हिने डिसेंबर २०२५ मध्ये हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि विकलेल्या मालाची वॉरंटी पाळण्याचे आश्वासनही दिले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, पण पाच वर्षे सांभाळायची वस्तू घेताना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

किमतींबद्दल एक सांगतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरीच्या चिपा महाग झाल्या आणि एसएसडीही त्यांच्यामागे गेल्या. थांबलो तर स्वस्त होतील, या आशेवर बसून राहण्यात अर्थ नाही. तसेच दर चढत आहेत म्हणून दिसेल ती उचलण्यातही नाही. याच काळात अनोळखी नावांचे ड्राइव्ह सुळसुळतात. ज्याच्या पत्रकावर टीएलसी की क्यूएलसी हे लिहिलेलेच नाही, आणि लिहिण्याची हमी किती टीबीची तेही नाही, तो ड्राइव्ह क्यूएलसीच आहे असे समजून त्याचे मोल करावे. काही निर्माते एकाच नावाखाली आज एक चिप आणि उद्या दुसरी घालतात, आणि त्यासाठीच ते पत्रकात मोघम लिहितात.

खरेदी कराडला करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा की घरबसल्या करा, जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्या आणि त्यावर ड्राइव्हचा अनुक्रमांक लिहून घ्या. बिलाविना पाचशे रुपये कमी करणारा दुकानदार तुमची पाच वर्षांची वॉरंटी त्या पाचशेत विकत घेत असतो. घरी आल्यावर तो क्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर तपासा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ड्राइव्ह किती तास चालला आहे ते पाहा. नव्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर तो त्याच दिवशी परत करावा.

बसवण्याचे काम घरी करता येते. वीज बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, ड्राइव्ह स्लॉटमध्ये तिरका सरकवा, मग दाबून आडवा करा आणि टोकाला स्क्रू लावा. हा स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात एका लहानशा पुडीत आला होता. तो आजच शोधून ठेवा, कारण ड्राइव्हसोबत तो बहुधा येत नाही आणि ऐनवेळी बाजारात सहज मिळत नाही. जेन ३ च्या वेगाला हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) लागत नाही. बोर्डाबरोबर आली असेल तर लावा, वेगळी विकत घेऊ नका.

विंडोजची जुनी प्रत क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून, नव्या ड्राइव्हवर नेता येते, पण तुमच्या बाबतीत मी कोरी बसवण्याचा आग्रह धरीन. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि रायझन ५ २६०० हा विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांत आहे. बायॉसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू कराव्या लागतील. व्हॅलोरंट हा गेम खेळत असाल तर विंडोज ११ वर या दोन्हींविना तो सुरूच होत नाही. तुमचा परवाना अस्सल असेल तर तो मदरबोर्डाशी जोडलेला असतो, म्हणून पुन्हा चावी विकत घ्यावी लागणार नाही. आणि एक गोष्ट विसरू नका : विंडोज बसवताना जुनी एसएसडी आणि हार्ड डिस्क या दोन्हींच्या केबल काढून ठेवा. त्या लावलेल्या राहिल्या, तर विंडोज सुरू होण्यासाठी लागणारा छोटा भाग ती जुन्या ड्राइव्हवरच ठेवून मोकळी होते, आणि पुढे कधी तो ड्राइव्ह काढला की कॉम्प्युटर उठतच नाही.

विंडोज उभी राहिली की केबल पुन्हा जोडा. स्टीममधले (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोग्राममधले) गेम पुन्हा उतरवण्याची गरज नाही. स्टीमच्या सेटिंग्जमधील स्टोरेज या पानावर हार्ड डिस्कवरचा जुना संग्रह जोडा, नवा ड्राइव्हही जोडा, आणि एकेक गेम तिकडे हलवा. जे रोज खेळता तेच हलवा. ज्या जुन्या गेमांना हार्ड डिस्क पुरते, ते तिथेच राहू द्या. नव्या ड्राइव्हला डीफ्रॅग करणारा (विखुरलेली माहिती सलग लावणारा) कोणताही प्रोग्राम लावू नका. विंडोज त्याची निगा आठवड्याला आपोआप राखते.

राहिली २४० जीबीची जुनी एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची प्रकृती चांगली दिसत असेल, तर तिला कॉम्प्युटरमध्येच राहू द्या आणि ऑनलाइन खेळायचे एक-दोन लहान गेम तिच्यावर ठेवा. त्यासाठी साटाची जोडणी उरत नसेल, तर अडीच इंची ड्राइव्हसाठीचा यूएसबीचा केस घेऊन ती बाहेरून लावता येईल. प्रकृती घसरलेली दिसली, तर तिच्यावर काही महत्त्वाचे ठेवू नका. कोणाला देणार किंवा विकणार असाल, तर नुसते फॉरमॅट करून भागत नाही, तिच्या निर्मात्याच्या प्रोग्रामने सिक्युअर इरेज करूनच, म्हणजे सगळी माहिती कायमची पुसूनच, द्या. पाच-सहा वर्षांचे तुमचे पासवर्ड आणि बँकेची कागदपत्रे तिच्यावरून गेलेली आहेत.